पहिल्यांदाच वेट ट्रेनिंग करायचं आहे, जिम कोणती लावू?

तुम्ही दोन पर्याय दिलेत. एक नवी एसी जिम: ट्रेडमिलची रांग, स्टीम, वर्षाची फी एकदम भरली तर घसघशीत सवलत. दुसरी तळमजल्यावरची जुनी, पंखे आणि लोखंडी प्लेटावाली, फी महिन्याची. माझा कल दुसरीकडे आहे. पण पैसे भरण्याआधी दोन्हीकडे जा, आणि रोज ज्या वेळी जाणार त्याच वेळी जा. दुपारी तीनला कुठलीही जिम ऐसपैस वाटते. संध्याकाळी साडेसातला एका रॅकपाशी, म्हणजे वजनाचा रॉड टेकवायच्या उभ्या लोखंडी चौकटीपाशी, चार जण ताटकळत असतील, तर तासाभराच्या व्यायामाला दोन तास लागतील.

आधी रॅक शोधा. त्याला दोन्ही बाजूंना आडव्या सेफ्टी पिना हव्यात आणि त्या वर-खाली करता यायला हव्यात. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन उठाबशा काढताना, पूर्ण खाली बसल्यावर रॉड जिथे येतो, त्याच्या दोन-तीन बोटं खाली पिना लावायच्या. उठता आलं नाही तर रॉड पिनांवर टेकवून निवांत बाहेर पडता येतं. रॉड ठेवायचे हूक छातीच्या मध्याशी यावेत; टाचा उचलून रॉड काढावा लागत असेल तर हूक एक भोक खाली घ्या. ‘रॅक नाही, पण स्मिथ मशीन आहे की’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि पुढे चला. त्यात रॉड रुळावर चालतो, तोल मशीन सांभाळते, आणि नवख्याला शिकायचा असतो तो नेमका तोलच.

मग रॉड. ऑलिम्पिक रॉड 20 किलोचा, 2.2 मीटर लांब, प्लेट बसते ती टोकं 50 मिलिमीटर जाड. जुन्या जिममध्ये बारीक, हलके रॉडही असतात. ते वाईट नाहीत, उलट सुरुवातीला खांद्यावरच्या प्रेसला (खांद्यापासून रॉड डोक्यावर ढकलायला) 20 किलो अनेकांना झेपत नाहीत, तेव्हा तेच कामाला येतात. फक्त वजन माहीत हवं. रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. रॉड जमिनीवर घरंगळवून बघा; मधला भाग उड्या मारत गेला तर तो वाकलेला आहे.

आता जे कुणी बघत नाही ते: 1.25 किलोच्या प्लेटा. समजा, प्रेस 20 किलोवर आहे आणि जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची आहे. दोन्ही बाजूंना एकेक लावली की थेट 25, म्हणजे एका उडीत पाव हिश्शाने वाढ. तिथेच गाडी अडते आणि माणूस म्हणतो, ‘माझी ताकदच वाढत नाही.’ सव्वा किलोची जोडी असेल तर 22.5 वर थांबता येतं. जिममध्ये नसेल तर स्वतःची जोडी आणू देतात का, विचारा. भोकाचं माप मात्र रॉडच्या टोकाशी जुळवून घ्या.

डेडलिफ्टचंही, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलायच्या व्यायामाचंही, विचारा. काही ठिकाणी आवाज होतो म्हणून करूच देत नाहीत. मोठ्या, 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटा लावल्या की रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. पाच-पाच किलोच्या लहान प्लेटांवर तो फार खाली जातो आणि तिथवर पोचताना कंबर गोल होते. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंना खाली आडव्या ठेवलेल्या प्लेटांची थप्पी रचून रॉड तेवढ्या उंचीवर आणायचा.

ट्रेनरला एकच प्रश्न: ‘पहिल्या आठवड्यात काय कराल?’ रिकामा रॉड किंवा हलके डंबेल्स, स्क्वॉट, प्रेस, रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), आठवड्यातून तीन दिवस, दोन-तीन सेट, असं काहीतरी उत्तर आलं तर माणूस कामाचा. ‘सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक’ म्हणत पहिल्याच भेटीत प्रोटीनचा डबा पुढे सरकवला, तर त्याचं लक्ष कमिशनवर आहे असं समजा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघाला की चपला घालून बाहेर.

फीचं म्हणाल तर सुरुवातीला एक महिना, फार तर तीन. वर्षाची सवलत तिसऱ्या महिन्यात जायचं बंद झालं की महागच पडते. वर्षाचीच घ्यायची झाली तर गावी गेलात किंवा आजारी पडलात तर किती दिवस पुढे ढकलता येतील, ते पावतीवर लिहून घ्या. तोंडी कबुली मॅनेजर बदलला की संपते. आणि बिल नीट बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही.