बॉयफ्रेंडची आणि माझी राजकीय मतं जुळत नाहीत, त्याच्या ग्रुपमध्ये बोलायचा कॉन्फिडन्सही येत नाही. गप्प बसावं की बोलावं?

बोलावं. प्रश्नाचं उत्तर इथंच संपलं खरं तर. पण तू प्रश्नाखाली एक ओळ लिहिलीयेस, "त्याचं वाचन खूप आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणून मी ऐकून घेते", ती वाचली आणि पोळ्या अर्धवट टाकून टायपायला बसले. वयाने बरीच लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हाची गोष्ट, २०११. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल ते वर्ष कसलं होतं. २ एप्रिलला वर्ल्ड कप जिंकला, रात्रभर एफसी रोडवर गाड्यांचे हॉर्न, आणि लगेच तीन दिवसांनी, भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाचा कायदा व्हावा म्हणून, दिल्लीत जंतरमंतरवर अण्णा हजारेंचं उपोषण सुरू झालं. सगळी पोरं आधीच हवेत होती, त्यांना उतरायलाच मिळालं नाही. आमचा तो, म्हणजे तेव्हाचा माझा बॉयफ्रेंड, तर त्या हवेत सगळ्यात वर. माझ्यापेक्षा दोन वर्षं सीनियर, बोलायला लागला की समोरचा चहा थंड व्हायचा. मी त्याच्या बोलण्यावरच भाळले होते, खोटं कशाला सांगू. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली, मराठी मीडियम, वर्गात प्रश्न विचारायचा तरी आधी मनात तीनदा वाक्य जुळवून बघायची, आणि हा असा बिनधास्त. रविवारी संध्याकाळी माझी एसटी शिवाजीनगरला यायची तेव्हा हा स्टँडवर उभा असायचा, गाडी शिरूरला अडकून दीड तास लेट झाली तरी उभा. पेपरातला अग्रलेख वाचायची सवय मला त्याने लावली. हे सगळं त्याचं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही.

ऑगस्टमध्ये १६ तारखेला दिल्लीत अण्णांना अटक झाली, तिहारला नेलं, आणि त्या संध्याकाळपासून आमचा पूर्ण ग्रुप डेक्कनला. मेणबत्त्या, टोप्या, घोषणा. मीही जायचे. टोपी घातलेला माझा फोटो त्याने फेसबुकला टाकला होता, त्याला माझ्या आयुष्यात तोवर मिळाले नव्हते एवढे लाइक मिळाले.

आता इथं एक गोष्ट सांगायला लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव अण्णांच्या राळेगणसिद्धीपासून एसटीने तासाभरावर. अण्णा आमच्याकडे टीव्हीवरचे नव्हते, आमच्या शाळेची सहल राळेगणला जायची, बंधारे, नाला बंडिंग, सौर दिवे दाखवायला. आणि माझी आई ग्रामपंचायतीत मेंबर होती. महिला राखीव जागा, ७३ व्या घटनादुरुस्तीची कृपा. सातवी शिकलेली. गावात तिला मेंबरीणबाई म्हणायचे ते निम्मं चेष्टेत, कारण बाकीच्या मेंबरणींच्या जागी त्यांचे नवरेच मीटिंगला जाऊन बसायचे आणि रजिस्टर सहीला घरी पाठवायचे. आमच्या वडलांना मीटिंगचा कंटाळा, म्हणून आई स्वतः जायची. स्त्रीमुक्ती वगैरे काही नाही, वडलांचा आळस.

मी नववीच्या आसपास असताना उन्हाळ्यात टँकर चालू होता. कागदावर रोज तीन खेपा, गावात यायची एक, ती पण वाडीवर जायच्या आत निम्मी सांडलेली. आई मीटिंगमध्ये बोलली की सगळे म्हणायचे, बाई तुम्हाला त्यातलं काय कळतंय, ते तालुक्याचं काम. तेव्हा माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा नवा आला होता. आमच्या शेजारी एक रिटायर गुरुजी राहायचे, त्यांनी नमुना आणून दिला, जोडपत्र अ, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. वडलांचं अक्षर डॉक्टरसारखं, म्हणून अर्ज माझ्या हस्ताक्षरात. चुलीपाशी बसून लिहिलाय तो मी. टँकरच्या लॉगबुकची, म्हणजे खेपांच्या नोंदवहीची, प्रत मिळावी, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. तीस दिवस उलटून गेले, उत्तर नाही, मग गुरुजींनी पहिलं अपील लिहायला लावलं, त्यानंतर दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरून झेरॉक्स आली.

त्या लॉगबुकात प्रत्येक खेपेपुढे "पाणी मिळाले" म्हणून गावातल्या बायकांच्या सह्या होत्या. त्यात आमच्या आळीतल्या एका म्हातारीची सही. झोकदार, खाली रेघ मारलेली, रेघेखाली दोन टिंबं. ती म्हातारी जन्मभर अंगठा लावत आली होती. आईने ते पान मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलं आणि म्हातारीला सोबत नेलं होतं, तिला म्हणाली, घ्या पेन, करा बरं तशीच सही. एवढंच. भाषण नाही, काही नाही. कुणावर कारवाई वगैरे झाली नाही, तसलं काही होत नसतं, पण दुसऱ्या आठवड्यापासून दोन खेपा यायला लागल्या आणि आईला "तुम्हाला काय कळतंय" म्हणणं बंद झालं.

तर ही सगळी शिदोरी घेऊन मी पुण्यात मेणबत्ती धरून उभी होते, आणि माझ्या डोक्यात प्रश्न येत होते. जनलोकपालच्या, म्हणजे अण्णांच्या बाजूने सुचवलेल्या कायद्याच्या, मसुद्याची प्रिंट ग्रुपमध्ये एकाने आणली होती, ती मी हॉस्टेलवर नेऊन वाचली. अकरा जणांचा लोकपाल, त्याच्या हातात तपास पण, पंतप्रधान, न्यायाधीश, खालचा कारकून सगळे त्याच्या कक्षेत. मला साधा प्रश्न पडला की या अकरा जणांचं लॉगबुक कोण मागणार? आणि दुसरं, महाराष्ट्रात लोकायुक्त, म्हणजे राज्यापुरता लोकपालच म्हण, तेव्हाही होताच की, १९७१ च्या कायद्याने, आमच्या त्याच गुरुजींनी एकदा तक्रार केली होती लोकायुक्तांकडे, तेव्हा त्यांना कळलं होतं की लोकायुक्त शिफारस करतात, सरकारने ती पाळलीच पाहिजे असं बंधन नाही. मग चाळीस वर्षं असलेल्याचं काय झालं हे आधी नको का बघायला?

हे मी ग्रुपमध्ये बोलले. डेक्कनच्या गुडलक कॅफेत बसलो होतो, आठ-नऊ जण, बन मस्का. आणि तिसरी गोष्ट बोलले जी बहुतेक बोलायला नको होती असं त्या टेबलावर सगळ्यांना वाटलं, की राळेगणची दारूबंदी मला शाळेपासून माहितीये, दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारायचे, हे अण्णांनी स्वतःच सांगितलंय, त्यात लपवाछपवी काही नाही. आणि गाव सुधारलं हेही खरंय, पाणी अडवलं हे तर शंभर टक्के खरंय. पण पट्टा कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला कायदा लागतो की नाही? खेड्यातल्या पोरीला हा प्रश्न पडतो कारण तिथं पट्टा कुणाच्या पाठीवर पडणार हे आधीच सगळ्यांना माहीत असतं.

टेबल गप्प. आणि मग आमच्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ग्रुपकडे बघून हसले आणि म्हणाले, "सोडा रे, चिडली की कसली क्यूट दिसते ना!" सगळे हसले. विषय संपला. माझ्या मुद्द्याला उत्तर नाही, "तू चुकतेस" पण नाही. चुकतेस म्हणला असता तर मी भांडले असते आणि कदाचित आज त्याच्याच घरात भांडत असते.

रात्री झेड ब्रिजवर मी विषय काढला, खाली नदीपात्रात गणपतीच्या ढोलपथकांची प्रॅक्टिस चाललेली, ओरडून बोलावं लागत होतं. म्हणला, "अगं तिथं सगळ्यांसमोर तू माझ्या विरोधात का बोलतेस, तू माझ्या बाजूची आहेस का त्यांच्या?" म्हणजे कुणाच्या? तिथं दुसरी बाजू नव्हतीच गं. मी पण टोपीच घातली होती. भ्रष्टाचार मला पण नकोच होता, मी तर त्याच्यावर अर्ज लिहिलेली पोरगी होते आणि त्या टेबलावरच्या एकानेही आयुष्यात दहा रुपयांचा स्टॅम्प लावला नव्हता.

त्या महिनाअखेरीस २७ ऑगस्टला संसदेत चर्चा झाली, सिटिझन चार्टर (कुठलं सरकारी काम किती दिवसांत, याची सनद), खालचे कर्मचारी लोकपालाखाली आणि राज्यात लोकायुक्त या तीन मुद्द्यांवर "सेन्स ऑफ द हाउस" का काय ते झालं, म्हणजे नुसती तत्त्वतः मान्यता, २८ ला उपोषण सुटलं. ग्रुपने पेढे वाटले. मी म्हणलं कायदा कुठं झालाय अजून. त्यावर तो दोन दिवस बोलला नाही. प्रकरण त्यानंतरही दिवाळीपर्यंत चाललं, कारण विशीत माणूस लगेच सुटत नाही. शेवटी सुटलं ते वेगळ्याच किरकोळ कारणावरून, पण माझ्या हिशेबी ते गुडलकलाच सुटलं होतं.

कायदा २०१३ च्या डिसेंबरात पास झाला आणि पहिला लोकपाल नेमला मार्च २०१९ मध्ये. ती बातमी आली तेव्हा माझी मुलगी तान्ही होती, मी तिला मांडीवर घेऊन मोबाइलवर वाचली आणि पहिला विचार काय आला असेल? त्याला मेसेज करावा, "बघ." केला नाही. त्याने मधल्या काळात दोन पक्ष बदललेत आणि प्रत्येक वेळी तितक्याच जोरात बरोबर असतो, हे कॉमन मित्रांकडून कळतं. कॉन्फिडन्स म्हणजे तेच असेल तर मला नको बाबा. तू पण नको मागू.

म्हणून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला पैसे घालू नकोस. आरशासमोर भाषणं पण नकोत. ज्याला तू वाचन म्हणतेस ते पुष्कळदा पाठांतर असतं, निम्म्या पोरांनी ज्या विधेयकावर भांडतात ते उघडून पाहिलेलं नसतं. एक विषय धर, तुझ्या घरचा, तुझ्या गल्लीतला, रेशनचा, एसटी पासचा, शिष्यवृत्तीचा, काहीही, आणि त्याचा कागद बघ. मग आवाज थरथरला तरी चालतो. माझा आजही थरथरतो.

आणि मतं जुळत नाहीत म्हणून सोडू नकोस त्याला, हे मुद्दाम सांगते, कारण वरचं वाचून तसं वाटेल. माझा नवरा आणि मी लोकसभेला आजवर एकदाही एकाच चिन्हावर बटण दाबलेलं नाही, त्यावरून घरात भांडी आपटतात. पण तो माझ्या मुद्द्यावर चिडतो, मुद्द्यावरच. "हे तू कुठं वाचलंस, दाखव" म्हणतो आणि दाखवलं की तोंड वाकडं करून का होईना वाचतो. मला तेवढं पुरतं. तुझा जर मुद्दा सोडून तुझ्या गालाबद्दल, आवाजाबद्दल, "तुम्हा मुलींचं" बद्दल बोलत असेल तर त्याचं वाचन कपाटभर असलं तरी मला त्याचं कौतुक नाही.

हां, आणि तो तुझा बॉयफ्रेंड आहे, माझा जुना नाही, हे मला कळतं. तू त्याच्याबद्दल चारच ओळी लिहिल्यात, त्यात मी माझे हिशेब मिसळले असतील. विशीतली पोरं सुधारतात पण. तो एकटा असताना ऐकून घेत असेल आणि फक्त ग्रुपमध्ये शायनिंग मारत असेल तर एकदा एकांतात स्पष्ट सांगून बघ, सगळ्यांसमोर नको. पण बोलल्यावर तो अबोला धरत असेल, फोन तपासत असेल किंवा हात उचलत असेल तर मग हा मतांचा प्रश्नच नाही, आधी घरच्या कुणाला तरी सांग.

बाकी, तू गावची असशील तर १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा असते. जा, मागे बस, एक प्रश्न विचार, लोक हसतील, हसू दे. शहरातली असशील तर माहितीचा अर्ज आता ऑनलाइन पण करता येतो, स्टॅम्प शोधत फिरायला लागत नाही. त्याला म्हण, चल आपण दोघं मिळून एक टाकू. येतो का बघ.