अध्वर्यू : यज्ञातला की वाटेवरचा?

‘चळवळीचे अध्वर्यू म्हणजे नवी वाट पाडणारे लोक का, आणि हा शब्द आला कुठून?’ असे एका वाचकाने विचारले आहे. पुढाकार घेऊन कार्य उभे करणारा, हा रूढ अर्थ कोणत्याही कोशात सापडेल. मात्र हारतुरे स्वीकारून व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येक अध्यक्षाला ‘सोहळ्याचे अध्वर्यू’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, तिला त्या अर्थाचा काडीचाही आधार नाही. श्रौत म्हणजे वेदोक्त यज्ञात ऋग्वेदी होतृ ऋचा म्हणतो, सामवेदी उद्गाता सामे गातो, आणि यजुर्वेदी अध्वर्यू जागा मोजतो, वेदी रचतो, पात्रे मांडतो, समिधा व पाणी आणतो, आहुती देतो. बहुतेक वेळ मौन पाळून देखरेख करणारा चौथा ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारा पुरोहित, तो ब्रह्मा. अध्यक्षांना यज्ञातलेच पद बहाल करायचे असेल, तर ते ब्रह्म्याचे करावे.

‘अध्वर्यू’ हा यज्ञवाचक ‘अध्वर’वरून आला, हे उघड आहे, खरी गंमत ‘अध्वर’ कुठून आला यात आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या ग्रंथात ‘ध्वर्’ म्हणजे हिंसा करणे हा धातू धरून, तिचा निषेध तो अध्वर, असे सांगितले. ज्या विधीत यूपाला, म्हणजे यज्ञातल्या खांबाला, पशू बांधला जातो, त्याला हे नाव पडावे, हे यास्काविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला पटत नाही. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनाही अडचण जाणवली असावी, कारण ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तावर भाष्य करताना, अग्नीने राखलेल्या यज्ञाची राक्षस हिंसा करू शकत नाहीत म्हणून तो हिंसारहित, अशी सोडवणूक त्यांनी केली आहे. ती चतुर आहे, पण ठिगळ ते ठिगळच. त्यापेक्षा ‘अध्वन्’ म्हणजे वाट, हा शब्द शेजारीच उभा असताना दूर जावेच कशाला? वाटसरूला संस्कृतात ‘अध्वग’ म्हणतात, आणि अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातही या शब्दाचे भावंड वाटेच्याच अर्थाने येते. देवांकडे जाणारी वाट तो अध्वर, आणि ती पावलापावलाने आखणारा तो अध्वर्यू, असे मी मानतो. काही आधुनिक भाषाशास्त्रज्ञांनीही ‘अध्वर’चे नाते ‘अध्वन्’शी जोडले आहे.

तरीही अध्वर्यू ठरलेल्या विधीनेच चालतो, नवी वाट पाडत नाही. त्यासाठी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘पूर्वेभ्यः पथिकृद्भ्यः’ असे ज्यांना नमन केले आहे, त्या ऋषींचा ‘पथिकृत्’ हा शब्द आहे. बंगालीत तो आजही सर्रास चालतो, आपण मात्र तो अडगळीत टाकला. त्याची फोड ‘पथिक’ अशी कृपया करू नये. मूळ शब्द ‘पथिन्’ आहे. दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचे याग, करणाऱ्याची अमावास्या किंवा पौर्णिमा चुकली, तर तो वाट सोडून भरकटला असे समजून तैत्तिरीय संहिता हा यजुर्वेदाचा ग्रंथ त्याला आठ कपालांवर (खापरांवर) भाजलेला पुरोडाश, म्हणजे पिठाची आहुतीची पोळी, अर्पण करायला सांगते, आणि तो ज्या अग्नीला द्यायचा, त्याचेही नाव पथिकृत् हेच आहे.