अमेरिकन टीव्ही अभिनेत्री सुझन लूची एमी हा टीव्हीचा पुरस्कार १८ वेळा हरल्या, तरी त्यांचं अमेरिकेत एवढं नाव का? एकाच मालिकेत ४१ वर्षं काढणं म्हणजे कारकीर्द वाया घालवणं नाही का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मला टोचला. नाही, वाया अजिबात गेली नाही. का नाही, ते सांगायला थोडी जागा लागेल. माझी न्यू जर्सीतली पहिली दोन वर्षं या बाईंनी निभावून नेली आहेत, त्यामुळे हे उत्तर तटस्थपणे मला देता येणार नाही.

१९९५च्या ऑक्टोबरमध्ये लग्न होऊन मी एडिसनला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. गाडी चालवता येत नव्हती आणि पुण्याला फोन करायचा तर मिनिटं मोजावी लागत. नवरा साडेसातला बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि हीटरचा आवाज. खालच्या मजल्यावर इटालियन वंशाच्या एक आजी राहायच्या. त्यांनीच एकदा दार वाजवून मला खाली बोलावलं आणि मग तो रोजचा नेम झाला. दुपारी एक वाजता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघी बसायचो, त्या फरसबीची देठं मोडायच्या, मी मेथी निवडायचे आणि समोर टीव्हीवर 'ऑल माय चिल्ड्रन' चालू असायची. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून खाली कॅप्शन लावलेली असत. माझं शाळेतलं इंग्रजी अमेरिकन बोलण्यासमोर लंगडं पडत होतं. ती कॅप्शन वाचता वाचताच माझे कान तयार झाले.

त्या मालिकेतली एरिका केन म्हणजे सुझन लूची. पुढे वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, एरिकाला मी 'ती' म्हणणार आहे आणि लूचींना 'त्या'. मनात माझं तसंच आहे.

लूचींचा जन्म २३ डिसेंबर १९४६चा. वडील इटालियन वंशाचे, बांधकामाचे कंत्राटदार. आईचं घराणं स्वीडिश. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या गार्डन सिटीत त्या वाढल्या, मेरीमाउंट कॉलेजातून १९६८ साली नाट्यशास्त्राची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी हेल्मुट हूबर या ऑस्ट्रियन गृहस्थांशी लग्न केलं. हूबर हॉटेल आणि खानपानाच्या व्यवसायातले. पुढे लूचींच्या कामाचा सगळा व्यवहार त्यांनीच सांभाळला.

'ऑल माय चिल्ड्रन' एबीसी वाहिनीवर ५ जानेवारी १९७० रोजी सुरू झाली आणि अकरा दिवसांनी, १६ जानेवारीला, एरिका पहिल्यांदा पडद्यावर आली. मालिकेच्या कर्त्या अॅग्नेस निक्सन. इर्ना फिलिप्स नावाच्या बाईंनी १९३० साली शिकागोच्या रेडिओवर रोजच्या मालिकांचा पाया घातला, त्यांच्या हाताखाली निक्सन तयार झालेल्या. साबण बनवणाऱ्या कंपन्या हे कार्यक्रम पुरस्कृत करायच्या म्हणून त्यांना 'सोप' म्हणू लागले. आपण आज 'डेली सोप' म्हणतो तो शब्द तिथून आला.

एरिका सुरुवातीला शाळेत जाणारी मुलगी होती. वडील सिनेमाचे दिग्दर्शक, ते ती नऊ वर्षांची असताना घर सोडून गेलेले. आई मोना साधी, सोशिक. मुलगी दिसायला देखणी, हट्टी, खोटं बोलणारी, दुसरीचा नवरा पळवायला मागेपुढे न बघणारी. आपल्याकडे अशा पात्राच्या कपाळी मोठी टिकली आणि मागे ढोल वाजवून तिला खलनायिका करून टाकतात. लूचींनी ते होऊ दिलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं खरं काम इथेच आहे. ती कितीही वाईट वागली तरी नऊ वर्षांची, दाराकडे डोळे लावून बसलेली मुलगी तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी दिसत राहायची. दहाच्या आसपास लग्नं झाली तिची. एका भागात जंगलात समोर आलेल्या अस्वलाला ती खडसावून हाकलते. वाचताना हसू येईल, पण लूचींनी तोही प्रसंग पूर्ण गांभीर्याने केला आणि लोकांनी तो चाळीस वर्षं जपला.

मी बघायला लागले त्या हिवाळ्यात एरिकाच्या पाठीला दुखापत झालेली होती आणि वेदनाशामक गोळ्यांची तिला सवय लागत चालली होती. ते व्यसन लूचींनी किती बारकाईने दाखवलं, ते मला आजही आठवतं. गोळ्या हाताशी असल्या की एरिकाचा आवाज नेहमीसारखा ऐटीत. संपत आल्या की ती एकदम गोड बोलायला लागायची, जरा जास्तच गोड, आणि हात उगाच गळ्यातल्या दागिन्याकडे जायचा. आरडाओरडा कुठेच नाही. आजींनी फरसबी खाली ठेवली आणि म्हणाल्या, माझा भाऊ असाच बोलायचा. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. कथेत एरिका शेवटी बेटी फोर्ड सेंटरमध्ये उपचारांना जाते. अमेरिकेत व्यसनमुक्तीसाठी हे नाव घराघरात माहीत आहे, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने स्वतःच्या अनुभवातून उभं केलेलं केंद्र आहे ते.

असे विषय त्या मालिकेने कितीतरी घेतले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एरिकाने कायदेशीर गर्भपात करून घेतला. दुपारच्या टीव्हीवर हे पहिल्यांदाच दाखवलं गेलं. तिच्यावर चौदाव्या वर्षी बलात्कार झाला होता आणि त्यातून झालेली मुलगी, केंडल, मोठी होऊन तिच्या दारात उभी राहते, ही कथा १९९३ची. केंडलचं काम सारा मिशेल गेलर करायची, आणि त्यासाठी तिला अगदी कोवळ्या वयात एमी मिळालं. तेव्हा लूचींच्या हातात अजून एकही नव्हतं. २०००च्या शेवटी एरिकाची धाकटी मुलगी बियांका आईला सांगते की आपण समलिंगी आहोत. एरिकाला ते झेपत नाही. लूचींनी तिला समजूतदार आई केलं नाही, न झेपणारी आईच दाखवली. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात हाच प्रश्न दाराआड चालू होता, म्हणून ते दृश्य माझ्या फार आत गेलं.

आता रोजच्या कामाचं बोलू, कारण 'एकाच मालिकेत ४१ वर्षं' म्हणताना लोक ते विसरतात. १९७७पासून मालिका तासाभराची झाली, आठवड्याला पाच भाग. उन्हाळ्याची सुट्टी नाही, 'सीझन संपला' असं काही नाही. रात्री घरी जाऊन दुसऱ्या दिवसाची पानंच्या पानं पाठ करायची, सकाळी गार्डन सिटीहून मॅनहॅटनच्या स्टुडिओत पोचायचं, तालीम, मेकअप, आणि मग तीन-चार कॅमेऱ्यांसमोर प्रसंग बहुधा एकाच दमात उरकायचा. चुकलं तर पुन्हा घ्यायला वेळ नसतो. मालिका बंद होईपर्यंत दहा हजारांहून जास्त भाग झाले. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' बारा वर्षांच्या आसपास चालली तर आपण तोंडात बोट घातलं होतं! हे सगळं करताना लूचींनी दोन मुलं वाढवली. त्यांची मुलगी लायझा पुढे स्वतः 'पॅशन्स' नावाच्या मालिकेत काम करायची.

एमीचं आता. पहिलं नामांकन १९७८ साली. मग १९८१पासून जवळजवळ दरवर्षी. नाव पुकारलं जायचं, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर यायचा, पाकीट उघडायचं आणि दुसरीच बाई व्यासपीठावर चढायची. निक्सन यांच्याच दुसऱ्या मालिकेतल्या एरिका स्लेझाक यांना एकूण सहा एमी मिळाले. मिळायलाच हवे होते, त्या उत्तम अभिनेत्री आहेत. पण त्या वेळी परीक्षकांसमोर निवडक भागांची टेप जायची, आणि एरिका केनची गंमत एका भागात मावणारी नव्हतीच. ती वर्षानुवर्षं साचत गेलेली गोष्ट होती. माझं हे मत आहे, पण रोज बघणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगतील.

त्यांच्या हरण्यावर विनोद सुरू झाले. 'अमक्या क्षेत्रातली सुझन लूची' म्हणजे कायम नामांकन मिळून कधीच न जिंकणारा, असा वाक्प्रचारच पडला. लूचींनी काय करावं? साखरेऐवजी वापरायच्या पावडरीची जाहिरात केली, त्यात एमी मिळत नाही म्हणून त्या थयथयाट करतात. १९९०मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रसंचालक झाल्या, तर तिथल्या कामगारांपासून सगळ्यांच्या हातात एमी आणि यांचे हात रिकामे. ते सगळं त्यांनी हसून केलं. पण दरवर्षी त्या समारंभाला जाणं, छान साडी नेसल्यासारखं नटूनथटून जाणं, आणि हरल्यावर मनापासून टाळ्या वाजवणं... मी स्वतः नोकरीच्या मुलाखती देत होते त्या दिवसांत, नकाराची पत्रं येत होती, म्हणून मला त्या टाळ्यांची किंमत कळत होती.

२१ मे १९९९, शुक्रवार. एव्हाना मला नोकरी लागली होती, दुपारचा नेम मोडला होता. रात्री स्वयंपाक करत होते आणि एकदम पायाखालून धडधड आवाज. आजी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या. मी गॅस बंद करून तशीच जिन्यावरून धावले. टीव्हीवर शेमार मूर नावाचा नट पाकीट उघडत होता. त्याने कागद बघितला आणि नाव न घेता आधी एवढंच म्हणाला, "द स्ट्रीक इज ओव्हर!" म्हणजे ती हरण्याची मालिका संपली. पुढचं "सुझन लूची" कुणाला ऐकूच आलं नाही. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं ते अख्खं नाट्यगृह उठून उभं राहिलं. लूची जागेवरून उठायला तयार नव्हत्या, विश्वासच बसत नव्हता त्यांचा. व्यासपीठावर पोचल्यावर कितीतरी मिनिटं लोक त्यांना बोलूच देईनात. आजी रडत होत्या. मी पण. एकोणिसावं नामांकन होतं ते. त्यानंतर आणखी दोन आली, पुन्हा पुरस्कार मिळाला नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. त्याच वर्षअखेरीस त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'अॅनी गेट युअर गन' या संगीतिकेत काही आठवडे गायल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. २०१०च्या सुरुवातीला खर्च वाचवायला मालिका न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला हलवली. एप्रिल २०११मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि २३ सप्टेंबरला एबीसीवरचा शेवटचा भाग दाखवला. जागेवर खाण्यापिण्यावरच्या गप्पांचा कार्यक्रम आला. दुपारी घरी असणाऱ्या बायकाच कमी झाल्या होत्या, हे खरं आहे. मीही त्यातलीच एक. लूचींनी मग 'डीव्हियस मेड्स' या मालिकेत चार वर्षं काम केलं.

२०१८च्या शरद ऋतूत त्यांच्या छातीवर दाब यायला लागला. पहिल्या दोन वेळा त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा एका दुकानात असताना तसं झालं, तेव्हा तिथल्याच बाईने त्यांना रुग्णालयात नेलं. हृदयाच्या मुख्य धमनीत ९० टक्के अडथळा, दुसरीतही अडथळा. दोन स्टेंट घातले. वय ७१, बांधा सडपातळ, रोजचा व्यायाम, खाणं नेमकं. पण वडिलांना हृदयविकार होता. तेव्हापासून त्या बायकांच्या हृदयविकाराबद्दल सगळीकडे बोलतात. दुकानातला तो प्रसंग वाचल्यावर मी आईला पुण्यात तपासणीसाठी पाठवलं. 'अॅसिडिटी आहे गं' म्हणत तिनेही चार महिने काढले होते.

हूबर मार्च २०२२मध्ये गेले, लग्नाला ५२ वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये डेटाइम एमीने, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमांसाठीच्या एमीने, लूचींना जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा आजीही राहिल्या नव्हत्या. मी एकटीने बघितलं.

१९९९ची ती क्लिप यूट्यूबवर सहज मिळते. बघाल तेव्हा लूचींबरोबर मागे उभ्या असलेल्या लोकांकडेही लक्ष द्या. त्यातल्या कित्येक जणी त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या मालिकांमधल्या आहेत.