ज्याचं बेट आहे, त्याला आधी सांगा

ताई,
वय ४८, पतसंस्थेत कॅशियर आहे, इंदिरानगरला राहते. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. लॉकडाऊनमध्ये मामाने त्याला निन्टेन्डो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन, घेऊन दिला होता, तो घरीच पडून होता. पावसाळ्यात एकदा सहज लावला आणि त्यातल्या 'ॲनिमल क्रॉसिंग' या खेळाची गोडीच लागली. रात्री ओटा आवरला की अर्धा-पाऊण तास खेळते. यजमान नुसते हसतात. गणपतीत धाकटी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, लहान मुलांचा खेळ तो, या वयात शोभतो का? त्यापेक्षा आमच्या सोनूला देऊन टाका." मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळ तसा छान चाललाय. तंबूचं घर झालं, झाडं लावली. फक्त माझ्या घराशेजारी पूल हवाय, तो मला बांधता येत नाही, ते मुलाच्याच हातात आहे. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. देऊन टाकू का मशीन?
– सौ. अ., नाशिक

सौ. अ.,

मशीन देऊ नका. नणंदेचं सोडून द्या, यजमानांना हसू द्या. अख्ख्या पत्रात मी अडकले ती त्या पुलापाशी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका स्विचवर या खेळाचं एकच बेट असतं. घरातलं दुसरं कुणी खेळायला लागलं, तर तेही त्याच बेटावर राहायला येतं, घर मात्र प्रत्येकाचं वेगळं. ज्याने बेट पहिल्यांदा वसवलं, तो तिथला प्रतिनिधी. नदीवर पूल कुठे घालायचा, टेकडीला चढण कुठे काढायची, हे फक्त त्याने ठरवायचं. बाकीच्यांनी वर्गणी द्यायची.

म्हणजे पावसाळ्यापासून रोज रात्री तुम्ही मुलाच्या बेटावर राहताय. त्याचं घर तिथेच आहे. तुमच्या घराबद्दल लिहिलंत, झाडांबद्दल लिहिलंत, त्याच्या घराबद्दल एक अक्षर नाही. मी पैज लावून सांगते, रोज त्या दारावरून तुम्ही जाता. या खेळात कुणी फिरकलं नाही की जागोजागी गवत माजतं. त्याच्या दारापुढचं गवत कुणी काढलं, हे मला सांगायची गरज नाही.

हा खेळ पोरांचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो घडवणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकावी. कात्सुया एगुची १९८६ मध्ये निन्टेन्डो कंपनीत नोकरीला लागले आणि जपानातलं चिबा सोडून क्योटोला आले. घरचे लोक, मित्र, सगळे मागे राहिले. जवळ माणसं असणं किती मोठी गोष्ट होती ते तिथे आल्यावर कळलं आणि त्यातूनच हा खेळ सुचला, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पुढे संसार झाला, तर कामावरून घरी पोचायला रात्र व्हायची, घरचे कधी कधी तेव्हा खेळत असायचे, पण एकत्र खेळणं व्हायचं नाही. म्हणून खेळ असा केला की गाव एक, पण ज्याने त्याने आपापल्या वेळी यायचं, आणि एकाने केलेलं दुसऱ्याला नंतर दिसायचं. २००१ मध्ये तो पहिल्यांदा जपानात आला. घर सोडलेल्या माणसाने घरच्यांची आठवण काढत केलेला हा खेळ आहे. मुलगा पुण्याला गेल्यावर त्याच्या आईला तो आवडला, यात लाजण्यासारखं काय आहे?

वयाचं म्हणाल, तर या खेळात घरकर्ज आहे. व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही, जमेल तसं फेडा. पतसंस्थेच्या खिडकीत दिवसभर बसणाऱ्या बाईला रात्री असं कर्ज फेडताना किती बरं वाटत असेल, ते मला कळतं. रविवारी सकाळी बाराच्या आत सलगम विकत घ्यायचे. मग आठवडाभर दिवसातून दोनदा भाव बदलतो, त्यावर नजर ठेवायची. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडून जातात. ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे, तिथल्या माणसांनी तरी याला पोरखेळ म्हणू नये.

आता थोडं रागावते. मशीन देऊन टाकू का, हे तुम्ही मला विचारताय. मशीन तुमचं आहे का? ते त्याच्या मामाने त्याला दिलंय. या खेळाचा हा बेटाचा भाग, 'न्यू होरायझन्स', आला २० मार्च २०२० ला, आपल्याकडच्या जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी. शाळा बंद, मित्र बंद, दिवसभर चार भिंती, त्या काळात एका शाळकरी पोराने हे बेट वसवलं. तुमच्या आधीची जी झाडं तिथे आहेत, ती त्या दिवसांतली आहेत. सोनूला स्वतःचं नवं बेट हवं असेल, तर आधी हे पुसावं लागेल. त्याच्या घरासकट, तुमच्या घरासकट. आणि हे त्याला न विचारता करायला निघालात, नणंद चारचौघांत एक वाक्य बोलली म्हणून!

लपवलंत तरी कुणापासून? यजमानांना माहीत आहे, नणंदेला माहीत आहे, गणपतीला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना माहीत झालं. ज्याला पहिल्यांदा कळायला हवं होतं, तेवढाच राहिला. पोराला काय वाटेल, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मला नाही वाटत त्याला लाज वाटेल. उलट फोनवर रोज काय बोलणं होतं ते आठवा. जेवलास का, हो. पैसे पोचले का, हो. पाऊस आहे का, आहे. ठेवू का, ठेव. एवढ्यावर संपतं ना? आणि इकडे त्याच्याशी तासभर बोलता येईल इतकं तुमच्याजवळ साठलंय, ते तुम्ही चोरीचा माल असल्यासारखं दडवून बसला आहात.

आज रात्री त्याला फोन करा. उद्या नाही, आजच. जेवणाचं विचारू नका, पहिलंच वाक्य हे: "मी तुझ्या बेटावर राहायला आलेय. नदी ओलांडायला रोज काठी टेकून उडी मारावी लागते, मला पूल बांधून दे." तो दोन मिनिटं गप्प होईल किंवा खो खो हसेल. दोन्ही चालेल. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली की तुम्ही फक्त उत्तरं द्या.

सोनूचं म्हणाल, तर तो रविवारी तुमच्याकडे येऊ दे. एका बेटावर आठ जण राहू शकतात, तोही घर बांधेल. नणंदेला एवढंच सांगा, बाकी काही सांगत बसू नका.

आणि पुलासाठी मुलाला नाशिकला यावं लागेल, मशीन तुमच्याकडे आहे. पुण्याहून बसने यायला पाच-सहा तास, त्यात विशेष काही नाही. त्याने जागा ठरवली की पैसे तुम्ही भरा, त्याच दिवशी, सगळे. पैसे पूर्ण जमले की पूल दुसऱ्या दिवशी उभा राहतो. तेव्हा त्याला शनिवारीच बोलवा, रविवारी संध्याकाळच्या बसने जाऊ दे.