जत्रा उरकली, पण भात उरतोच

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय 47. गेल्या पावसाळ्यात शुगर निघाली. डॉक्टरांना विचारून भात, भाकरी, गोड एकदम कमी केलं. सात महिन्यांत वजन 78 वरून 70 वर आलं, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 8.4 वरून 6.6 झालं आणि शुगरची ग्लिमेपिराईड ही गोळीही अर्ध्यावर आली. मग गावची महालक्ष्मी जत्रा आली. घर पै-पाहुण्यांनी भरलेलं, त्यात काय पाळणार? पण जत्रा होऊन दोन महिने झाले तरी गाडी रुळावर येईना. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की भात उरतो, तो टाकवत नाही. वजन 74 झालंय, गोळी पुन्हा पहिल्याइतकी झालीय. शुगरचं मशीन कपाटात ठेवून दिलंय, बघायची भीती वाटते. तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहून नव्याने सुरुवात करावी म्हणते. करू का?

उत्तर : नाही ताई, हे अजिबात करू नका. तुमच्या पत्रातल्या एकाच ओळीने माझा जीव घाबरा झाला, आणि ती ओळ जत्रेची नव्हे, गोळीची आहे. ग्लिमेपिराईड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. पूर्ण गोळी पोटात आणि ताट रिकामं, अशाने साखर धाडकन खाली येते. गेल्या खेपेला तुमचं खाणं कमी झालं तशी डॉक्टरांनी गोळी कमी केली होती. आता गोळी वाढलेली असताना तुम्ही पुन्हा भात-भाकरी कमी करणार. तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा आणि सरळ सांगा, ‘मी पुन्हा पथ्य सुरू करतेय, गोळीचं काय करू?’ आपल्या मनाने गोळी बंदही करू नका. मशीन आजच कपाटातून काढा. अंगाला घाम सुटला, हात थरथरले, भोवळ आली तर लगेच तपासा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. त्या वेळची साखर म्हणजे औषध, तिथे पथ्य आड आणू नका.

वाढलेल्या चार किलोंचं फार मनाला लावून घेऊ नका. ती सगळी चरबी नाही. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आपल्यासोबत पाणी धरून ठेवते, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम. भात-गोड वाढलं की हे पाणी लगेच भरतं, आणि खाणं आवरलं की पहिल्या आठवड्यातच उतरायला लागतं. त्या दिवसांत डोकं दुखेल, गळल्यासारखं वाटेल. पाणी आणि पातळ ताक भरपूर घ्या. रक्तदाबाची गोळी नसेल तर ताकात चिमूटभर मीठही चालेल.

आता भाताकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

माझी आई वडगावात राहायची. रात्री सगळ्यांना वाढून झालं की ती ओट्याशी उभी राहून पातेल्याच्या बुडाचा भात उलथन्याने खरवडायची, त्यावर ताक ओतायची आणि चार घासांत संपवायची. सकाळी उरलेल्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती जेवता?’ तर ती म्हणाली, ‘एक भाकरी.’ ती खोटं बोलत नव्हती. पातेल्यातलं खाल्लेलं तिच्या हिशेबातच नव्हतं, कारण ते तिच्या ताटात कधी आलंच नाही.

तुमचंही हेच झालंय असं मला वाटतं. जत्रेत पाहुण्यांसाठी मोठं पातेलं चढलं आणि पाहुणे गेल्यावरही तांदळाचं माप तेच राहिलं. उरणारा भात रोज तुमच्या पोटात जातोय. त्याला मनाचा निग्रह काय करणार? अन्न टाकवत नाही, ही आपल्या हाडात मुरलेली गोष्ट आहे आणि ती वाईट नाही. म्हणून भात उरूच नये अशी सोय करा. आणि सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसा. सासूबाई काय म्हणतील असं मनात आलं तर त्यांना मशीनवरचा आकडा दाखवा. आपल्याकडची माणसं पथ्य म्हटलं की मान देतात, फक्त ते लपवून ठेवायचं नाही.

एक गैरसमज इथे घरोघरी ऐकते, ‘भात सोडला, आता नाचणीच्या दोन भाकऱ्या खाते.’ नाचणी, जोंधळा चांगलेच, तंतू आहेत, नाचणीत कॅल्शियमही भरपूर. पण 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत कर्बोदकं 40 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभर भाताइतकीच. तेव्हा एका जेवणात अर्धी भाकरी घ्या आणि ताट दुसऱ्या गोष्टींनी भरा. कूट आणि तीळ घालून भरलेली वांगी, परतलेली मेथी, दोडका, गवार, वर कारळ्याची चटणी. चालत असतील तर दोन अंडी किंवा मासे, नाहीतर पनीर, दही. मटकीची उसळ वाटीभर पुरे. पोट भरलं पाहिजे ताई, नाहीतर दहा वाजता तुम्ही पुन्हा पातेल्यापाशी.

गुरुवारचा उपवास करत असाल तर साबुदाणा नको, तो जवळजवळ नुसता स्टार्चच. मुठीएवढे भाजलेले शेंगदाणे आणि दही घ्या. कोणी बेळगावहून कुंदा आणलाच तर डबा घरात ठेवू नका, शेजारच्या पोरांना वाटून टाका.

सोमवार, अमावास्या, एक तारीख, कशाचीही वाट बघू नका. आज संध्याकाळी तांदूळ निवडायला घ्याल तेव्हा सुपातून तुमच्या वाट्याची ओंजळ उचला आणि डब्यात परत टाका. पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटीचे आकडे लिहून मला पाठवा, मी वाट बघतेय.