ब्रेस्ट इम्प्लांट १० वर्षांनी बदलावंच लागतं का?

नाही ताई, १० वर्षं झाली म्हणून लगेच काढायची गरज नाही. त्याला गोळ्या-औषधांसारखी एक्सपायरी नसते. पण ते जन्मभर पुरेल असंही धरून चालू नका. बऱ्याच जणींना १० ते २० वर्षांत कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागतं.

आमच्या लातूरच्या जाऊबाईंनी कॅन्सरनंतर बसवलं होतं. तेराव्या वर्षी ती बाजू कच्च्या पेरूसारखी टणक झाली, ब्लाउज एकीकडून वर ओढायला लागलं. इम्प्लांटभोवती शरीरच एक पडदा तयार करतं, तो आवळला होता. रेडिएशन घेतलेल्यांना हा त्रास जास्त होतो. "दुखत तर नाही" म्हणत त्यांनी सोयाबीनची रास होईपर्यंत अंगावर काढलं. तुम्ही असं करू नका.

सलाइनचं, म्हणजे आत मिठाचं पाणी असलेलं इम्प्लांट फुटलं तर स्तन बसलेला लगेच दिसतो. सिलिकॉनचं, म्हणजे आत घट्ट जेल असलेलं, मात्र फुटलेलं बहुतेकदा कळतच नाही, खरी काळजी तिथे आहे. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) सल्ला असा, की सिलिकॉनचं असेल तर काही त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर २-३ वर्षांनी. पुण्या-मुंबईला पळायला नको, नांदेड-संभाजीनगरलाही या तपासण्या होतात.

खरबरीत पृष्ठभागाचं असेल आणि अनेक वर्षांनी अचानक सूज आली, तर त्याच आठवड्यात दाखवा. क्वचित तिथे लिम्फोमा नावाचा कॅन्सर होतो.

आणि ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं इम्प्लांटचं कार्ड शोधून ठेवा. जाऊबाईंचं रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं, म्हणून कंपनी आणि प्रकार डॉक्टरांना लगेच कळला.