कथक विशारद झाले, आता विद्यापीठात नृत्य शिकवायचंय. पुढे काय करू? परभणीत राहून कोरिओग्राफी जमेल का?

नुसत्या विशारदवर, म्हणजे नृत्यसंस्थेच्या परीक्षेवर, प्राध्यापकपद मिळत नाही. नृत्यात एम.ए., खुल्या प्रवर्गाला किमान ५५ टक्के, वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेटला नृत्य, नाटक आणि रंगभूमी असा एकच विषय असतो. कथकची घराणी, ठाट-आमदसारखे नाचाचे प्रकार तोंडपाठ असलेली लेकरं तिथं नाटकाच्या प्रश्नांना अडतात, म्हणून नाट्यशास्त्र एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून वाचायला घ्या.

शिकवायचं तर नाचाचा हिशेब फळ्यावर मांडता आला पाहिजे. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. समेवरून उचलून पुढच्या समेवर येणारी तिहाई १६ मात्रांच्या तीनतालात, पुढची सम धरून, १७ मात्रांची होते: ५ चा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा. १० मात्रांच्या झपतालात ११: ३ चा तुकडा, दम तोच. १७ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून बेदम, म्हणजे बिनथांब्याची, हवी तर तालाची दोन आवर्तनं घेऊन ३३ मात्रांत ११ चा तुकडा बसवा. हे सांगता येत नसेल तर कितीही सुंदर नाचून दाखवा, वर्गाला काही मिळत नाही.

आता कोरिओग्राफी. परभणीत राहून जमेल, पण स्टेपा बसवून देणं म्हणजे कोरिओग्राफी नव्हे. आणि 'शास्त्रीय आलं की लोकनृत्य आपोआप येतं' म्हणणाऱ्यांशी माझं आजवर पटलेलं नाही, पटणारही नाही. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात बसवतात ते देवीच्या गोंधळाचं लोकनृत्यच घ्या. नाचणारे जास्तीत जास्त १०, साथीला ५, वेळ १० मिनिटं. गिरकीला प्रत्येकी ६ फूट जागा धरली तर ३० फुटी रंगमंचावर एका ओळीत पाचच जण मावतात. दहाही जण एका रांगेत उभे केले की हात आखडतात आणि गोंधळाची कवायत होते. दुसरी ओळ पहिलीच्या फटींमध्ये उभी करा. नायक आणि त्याचा साथीदार वेगळे काढा. गोंधळात सवाल-जबाब आहे, सगळ्यांनी एकच हालचाल केली की तो मेला. गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, झाला की तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला आवतण, मग आख्यान, शेवटी आरती. आवतणाला ३ मिनिटांच्या वर देऊ नका. नाहीतर आख्यान कापावं लागतं आणि बघणाऱ्याला नुसत्या उड्या दिसतात.

कथकच्या मुलींचा ताठ कणा इथं परका दिसतो. गुडघे सैल सोडायला लावा, अंगाचा भार खाली येऊ द्या. याला दोन-तीन आठवडे लागतात, आठ दिवसांत होत नाही.

रेकॉर्डवर तर मुळीच नाचवू नका. संबळ, म्हणजे गोंधळातलं जोडवाद्य, वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून लय चढवतो. एखादा पाय चुकला तर तो सांभाळून घेतो, रेकॉर्ड पुढे निघून जातं. गोंधळ्याच्या घरचा वाजवणारा पहिल्या तालमीपासून बोलवा, मानधन आधी ठरवा, आणि आख्यान कुठं तोडायचं हे त्यालाच विचारा. पावसाळी हवेत संबळाचं कातडं सैल पडून सूर उतरतो, म्हणून प्रवेशाच्या आधी ते शेकून घ्यायला वेळ धरा. दिवटी, म्हणजे गोंधळातली मशाल, पेटवायची परवानगी संयोजकांकडून आधीच काढा. नाही मिळाली तर विझलेलीच हातात द्या, बॅटरीचा दिवा नको. हे सगळं ज्याला येतं तो कोरिओग्राफर.

पैशाचं राहिलंच. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण जागा मोजक्या. बहुतेकांना आधी तासिका तत्त्वावर काढावं लागतं आणि सुट्टीत हातात काही पडत नाही. म्हणून परभणीतला क्लास असेल तर बंद करू नका, नसेल तर काढा. नुसत्या फरशीवर तत्कार, म्हणजे कथकचं पाय आपटून करायचं पदकाम, घेतला की लेकरांच्या पोटऱ्या आणि गुडघे जातात. खाली पोकळी ठेवून लाकडी फळ्या टाका. एम.ए.चा अर्ज भरण्याआधी तुमची पदवी आणि विशारद तिथं चालते का, ते त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या.